खळ

मी जळकुकडी आहे, हे आधीच सांगून टाकते.

सदरमधल्या आमच्या प्रयोगशाळेत मी दोन वर्षं एकाच गोष्टीच्या मागे होते. मक्यापासून बनणारं, कुजून जाणारं प्लास्टिक. दिसायला देखणं, पण वाकवलं की कट्कन तुटणारं. त्यात रबर मिसळून ते चिवट करायचं होतं. माझ्या रबराच्या गुठळ्याच राहायच्या आणि पट्ट्या पापडासारख्या मोडायच्या.

मग ती आली. उमरेडच्या विणकराघरची, माझ्याहून सहा वर्षांनी लहान. माझ्या गुठळ्या बघून म्हणाली, "ताई, सगळं एकदम काहून टाकता? माही आई सुताले खळ लावते नं, तर पीठ पहिले थोड्याशा पाण्यात कालवते. बाकीचं पाणी मंग."

तिनं सगळं रबर आधी थोड्याशाच प्लास्टिकमध्ये मळलं, आणि तो गोळा मग उरलेल्यात घातला. पट्टी वाकली, वाकल्या जागी पांढरी पडली, पण तुटली नाही. आमचे सर ती पट्टी खिशात घालून दिवसभर मिरवत होते. मी त्या दिवशी डबासुद्धा उघडला नाही.

पुढच्या कामासाठी दोघींपैकी एकीलाच ठेवणार होते. शुक्रवारी दोघींनी सरांसमोर नव्या पट्ट्या करायच्या, असं ठरलं. या प्लास्टिकचे दाणे आधी ओव्हनमध्ये वाळवावे लागतात. ओल राहिली तर रबर कितीही छान मिसळा, पट्टी तुटतेच. माझे दाणे आदल्या दिवशीच वाळवून डब्यात बंद होते. तिनं आपले रात्रभर ओव्हनमध्ये ठेवले होते.

शुक्रवारी मी आधी पोचले. रात्री लाइट गेली होती, आणि आमचा ओव्हन एकदा बंद पडला की आपोआप सुरू होत नाही. दाराला हात लावला, तर गार. मी बटण दाबलं. दाबताना आपण तिला मदतच करतोय, असं मनाला सांगितलं. ती येईपर्यंत ओव्हन छान तापला होता, पण दाणे वाळायला तेवढा वेळ पुरत नाही.

तिच्या पाचही पट्ट्या तुटल्या. माझ्याही तुटल्या, पण तिच्यापेक्षा जास्त वाकून.

"काहून तुटून राहिल्या, ताई?" तिनं विचारलं. "रातभर ओव्हन चालू होता नं?"

"मी आले तेव्हा चालूच होता," मी म्हणाले.

ती तुकडे गोळा करत राहिली. "मंग पहिल्या वेळी नशिबानंच जमलं असंल."

जागा मला मिळाली. ती उमरेडला परत गेली, शाळेत शिकवते म्हणे. आता मीही रबर आधी थोड्यातच कालवते, आणि माझ्या पट्ट्या तुटत नाहीत. तरी तिचा हेवा काही जात नाही, कारण तिला ते सहज सुचलं होतं. नवीन मुली विचारतात, मॅडम, हे तुम्हाला कसं सुचलं? मी सांगते, माझी आई सुताला खळ लावायची.

माझी आई पोस्टात होती.