वीरप्पाचा तलावाचा पास

उमरग्याच्या अलीकडं, हायवेला लागून वीरप्पाचं पंक्चरचं दुकान आहे. तीस वर्षं ट्रकचे हॉर्न ऐकून त्याचे कान पार किटलेले. म्हणूनच असेल, पण गावामागचा तलाव म्हणजे त्याचा जीव की प्राण. एकदा शहरातली पोरं तिथं शिबिर भरवून गेली आणि तडा गेलेली कयाक काठावर टाकून गेली. एकट्यापुरती, लांबोडकी, पिवळ्या प्लास्टिकची होडी. वीरप्पानं तिला ठिगळ लावलं आणि रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी पाण्यात जाऊ लागला. धुणं धुणाऱ्या बाया हसायच्या, "आलं बगा पपईत बसून!" ह्याला त्याचं काही नाही. तलावाच्या मधोमध जायचं, वल्हं मांडीवर आडवं ठेवायचं आणि गप बसायचं. बास, एवढंच सुख.

पुढं तलावात एक जण बुडाला. लगेच काठाला जाळी आली, फाटकाला कुलूप आलं. आत जायला पास फक्त मच्छीमार सोसायटीच्या सभासदांना. आता वीरप्पा पडला लिंगायत. गळ्यात लिंग, घरात अंडंसुद्धा येत नाही. त्याला कोण देतंय पास? पण सोसायटीचा सचिव ज्ञानोबा त्याचा लहानपणापासूनचा जिगरी.

"तुजं नाव घालतो यादीत," ज्ञानोबा म्हणाला. "वरसाला थोडी मासळी दाखवावी लागती, ती माजीच तुज्या नावावर दाखवू. तू गुमान होडी हाक."

नऊ वर्षं असं चाललं. ज्ञानोबाचं नाव निघालं की वीरप्पाचं सुरू व्हायचं. सख्खा भाऊ करणार नाही ते ह्यानं केलं, असं तो बायकोला, रुद्रम्माला, शंभरदा सांगायचा. ती बिचारी तरी किती वेळा ऐकणार!

यंदाच्या सभेत ज्ञानोबा उभा राहिला आणि म्हणाला, "जो मासं धरत न्हाय, त्याचं नाव यादीतनं काढायचं. सुरुवात वीरप्पापासनं करू."

वीरप्पाला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. तोवर ज्ञानोबानं पाटीतला जिता रोहू त्याच्या पुढ्यात ठेवलासुद्धा. "उचल, वीरप्पा. समद्यांना दिसू दे."

वीरप्पानं लिंग सदऱ्याच्या आत नीट सारलं, डोळे मिटले आणि दोन्ही हातांनी मासा उचलला. ते थंडगार, बुळबुळीत अंग तडफडू लागलं तसं त्यानं ते छातीशी कवटाळलं. सोडला नाही. बाबारे, काय झालं असेल त्या माणसाला!

ज्ञानोबानं क्षणभर पाहिलं आणि हसला. "मासा असा धरत्यात व्हय? तान्हं लेकरू हाय का त्ये? ह्यो कसला मच्छीमार! काढा नाव."

नाव निघालं. रिकाम्या जागी त्याच बैठकीत ज्ञानोबाचा जावई रणधीर आला. पास तिथंच काढून घेतला.

घरी रुद्रम्मानं त्याला उंबऱ्याबाहेरच थांबवलं, अंगावर पाणी ओतलं. "काय केलं वो हे? कशापायी?" तिनं विचारलं. तो ओल्या अंगानंच आत गेला.

दुसऱ्या दिवशी ज्ञानोबा दुकानात येऊन टायरवर बसला. बघा की निर्लज्जपणा! "पोरीनं लई तगादा लावला हुता, वीरप्पा. रणधीरला काम न्हाय, यादीत जागा न्हवती. आन मला वाटलं, तू काय मासा उचलत न्हाईस. उटून जाशील, विषय मिटंल. तू उचलशील असं माझ्या सपनातबी न्हवतं."

वीरप्पा ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघत होता. त्यानं हात थांबवले.

"सभेत माझी धडगत न्हाय, हे मला कळलं हुतं," तो म्हणाला. "पर तू 'उचल' म्हणालास. म्या तुज्या तोंडाकडं बगितलं. मला वाटलं, माझा ज्ञानोबा मला वाचवायलाय. म्हणून उचलला."