हिरव्या मक्याचा मंदावलेला उजेड

वाकडच्या एका ऑफिसात उपग्रहाकडून येणारे आकडे तपासायचं माझं काम. ऊन पडलं की पान त्यातलं बरंचसं वापरतं आणि थोडंसं अंधुक लाल उजेड करून परत टाकतं. आपल्याला तो दिसत नाही, उपग्रहाला दिसतो. पान आतून आजारी पडलं की वरून हिरवं असतानाच हा उजेड मंदावतो.

गेल्या दिवाळीनंतर नकाशावरचा चाकणच्या पलीकडचा एक चौकोन मंदावला. काही किलोमीटरचा चौकोन. त्यात शेतं, गोदामं, कंपन्या, वस्त्या, सगळंच आलं. "ढग असतील," साहेब म्हणाले. ढग नव्हते. उपग्रहाच्या पुढच्या फेरीत आकडा आणखी खाली आला.

रविवारी पानं तपासायचं छोटं यंत्र घेऊन मी निघाले. "एकटी नको जाऊस," म्हणत बाबा स्कूटरवर मागे बसले. त्यांची सगळी नोकरी कारखान्यातल्या प्लेटिंगच्या खात्यात, लोखंडी भागांना क्रोमचा मुलामा देण्यात गेली. तिथल्या वाफेनं त्यांच्या नाकातल्या पडद्याला भोक पडलंय.

पहिल्या दोन शेतांत माप ठीक निघालं. ओढ्याकाठी एक मावशी चाऱ्याचा मका कापत होत्या. मका डोक्याच्या वर गेलेला, हिरवागार. पानं तपासू का, असं मी विचारलं तशा त्या हसल्या.

"हिरवं हाय की समदं. तपासायचं काय त्यात?"

पानाला चिमटा लावला, थोडा वेळ झाकून ठेवलं आणि माप घेतलं. फारच कमी. दुसरं पान घेतलं, तिसरं घेतलं. तेवढंच.

"मावशी, पाणी कुठलं देता?"

"हिरीचं. आमी बी तेच पितो."

बाबांनी बाटलीत ते पाणी भरून घेतलं. मला ते स्वच्छच वाटलं. त्यांनी बाटली माझ्या पांढऱ्या ओढणीसमोर धरली, तेव्हा पिवळसर झाक दिसली.

"माझे कामावरचे कपडे तुझी आई भिजत घालायची ना," ते हळूच म्हणाले, "बादलीत हाच रंग उतरायचा."

मावशींना त्यांनीच सांगितलं, "हे पाणी पिऊ नका. आजपासूनच नको."

त्या बाटलीकडे बघत राहिल्या. "सून पोटुशी हाय माझी," एवढंच म्हणाल्या.

पाणी तपासून घेतलं. बाबांचा अंदाज खरा निघाला, पाण्यात प्लेटिंगचं विषारी क्रोम होतं. आसपासच्या चार-पाच विहिरींतही तेच होतं. सरकारी माणसं नमुने घेऊन गेली. हे कुठून मुरतंय ते अजून कुणी सांगितलेलं नाही. विहिरींवर पत्रे टाकलेत, टँकर येतो. मावशींचा मका कडेपासून करपत करपत महिन्याभरात गेला. फोनवर त्या सुनेबद्दल बोलत नाहीत आणि मला विचारायचा धीर होत नाही.

परवाच्या फेरीत शेजारचा चौकोनही मंदावलेला आला. ओढा वाहत जातो त्या बाजूचा. तिथं ओळीनं शेतं आहेत आणि जवळपास प्रत्येकात विहीर. त्या लोकांना अजून काहीच माहीत नाही. उद्या सकाळी मी आणि बाबा तिकडे जाणार आहोत.