खालचा बाण एकदा

आमच्या दैनिकाची कचेरी जालन्यात मस्तगडला, एका दुकानाच्या वर होती. पानं लावायला एकच संगणक होता आणि त्यावर दोन सिस्टीम होत्या. एक जुनी, अठ्ठ्याण्णवची. दुसरी नवी, मालकांनी हौसेने टाकून घेतलेली. मराठी टायपिंग जुनीतच चालायचं. नवीतही पानं लावायचं सॉफ्टवेअर जुनीसारख्याच कळांनी उघडायचं, पण मजकूर टाइप केला की भलतंच अक्षर उमटायचं. म्हणून फोटो आणि इंटरनेट नवीत, पानं जुनीत, अशी वाटणी होती.

संगणक सुरू झाला की काळ्या पडद्यावर दोन ओळी यायच्या. वर नवी, खाली जुनी. तीस सेकंदांत काही केलं नाही तर नवी आपोआप सुरू व्हायची. जुनी हवी असेल तर खालचा बाण एकदा दाबायचा आणि एंटर. भारनियमनाचे दिवस होते. वीज दिवसातून चार-पाच वेळा जायची आणि तेवढ्या वेळा हा पडदा समोर यायचा.

ऑपरेटर पन्नाशी ओलांडलेले, भोकरदनकडचे. आधी छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचे, खिळे गेल्यावर संगणक शिकले. सगळे त्यांना काका म्हणत. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. हे कचेरीत दोघांनाच माहीत होतं, जाहिराती बघणाऱ्या बाईंना आणि बातमीदार असलेल्या मला. मालकांना संशय होता. एकदा त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं होतं, "काका, परवा मथळा तिरका बसला. डोळे चालत नसतील तर सांगून टाका, मी दुसरा माणूस बघतो."

"डोळे बिलकुल बराबर आहेत साहेब. बातमीच तिरकी आल्ती."

सगळे हसले, मालकही हसले. पण त्यांनी ते वाक्य गमतीत टाकलेलं नव्हतं, हे काकांना कळलं होतं. ऑपरेशन केलं तर महिनाभर घरी बसावं लागणार आणि महिन्याभरात खुर्चीवर दुसरा बसणार. म्हणून ते ऑपरेशन पुढे ढकलत राहिले.

दरम्यान काम चालत होतं. बाई संगणकाच्या पलीकडे, पडद्याच्या पाठीमागे बसून मजकूर वाचायच्या आणि काका टाइप करायचे. खिळ्यांच्या काळात पेटीतल्या अक्षरांच्या घरांकडे न पाहता हात टाकायची सवय होती, ती आता कळांवर चालत होती. चुका मी छापून घेतलेल्या कागदावर शोधायचो. मेनूच्या त्या दोन ओळी त्यांना वाचता येत नाहीत, ते फक्त बाण मोजतात, हे मात्र मला माहीत नव्हतं. मला वाटायचं, डोळे ताणून का होईना, वाचत असतील.

तो ताण वाचवावा म्हणून एका सकाळी मी तो मेनूच बदलला. सेटिंग एका लपवलेल्या फाईलमध्ये होतं. डॉसमध्ये जाऊन कमांड दिली, फाईल उघडी केली आणि मजकुरात दोन बदल केले. अठ्ठ्याण्णवची ओळ वर घेऊन तीच आपोआप सुरू होईल असं केलं आणि तीसच्या जागी पाच लिहिलं. संगणक बंद करून चालू केला. पाच सेकंदांत, काही न दाबता, जुनी सिस्टीम सुरू झाली. मला समाधान वाटलं. काका अजून आले नव्हते. मला अंकुशनगरला साखर कारखान्याच्या बातमीसाठी जायचं होतं, बसची वेळ झाली होती. संध्याकाळी सांगू, असं ठरवून मी निघालो.

परत आलो तेव्हा चार वाजून गेले होते. जिना चढून दारात आलो तर मालक काकांच्या पाठीमागे उभे होते. माझी चाहूल लागताच त्यांनी मागे न बघता हात वर केला. बोलू नका, असा.

बाई पलीकडून जमीन खरेदीची जाहीर नोटीस वाचत होत्या. त्यांची मान कागदात होती. काका नेहमीच्या वेगाने टाइप करत होते. पडद्यावर अर्धं पान भरलं होतं आणि त्यात एकही मराठी शब्द नव्हता. चौकोन, उलटे स्वल्पविराम, तुटक्या काना-मात्रा. दुपारी वीज जाऊन आली होती. काकांनी खालचा बाण एकदा दाबला होता आणि एंटर. खाली आता नवी होती.

मालक किती वेळ उभे होते ते मला माहीत नाही. माझ्यासमोर ते आणखी तीन ओळी होईपर्यंत थांबले. मग म्हणाले, "काका, काय लिहून राह्यले?"

काका दचकले नाहीत. "नोटीस आहे साहेब. उद्याची."

"वाचून दाखवा बरं."

काकांनी चेहरा पडद्याकडे केला आणि सुरुवात केली. तमाम जनतेस कळविण्यात येते की. गट नंबर, क्षेत्र, पूर्वेस नाला, पश्चिमेस सरकारी रस्ता, हरकत असल्यास सात दिवसांत. एक शब्द चुकला नाही. बाईंनी मधेच मान वर केली, मालकांना पाहिलं आणि कागद खाली ठेवला.

"बराबर आहे ना साहेब?" काकांनी विचारलं.

"बराबर आहे," मालक म्हणाले. "उठा आता."

काका उठले. डबा उचलला, पिशवीत ठेवला. दाराकडे आले. मी दारातच होतो, बाजूला सरून त्यांना जिन्याची वाट दिली.

मालकांना मी अर्ध्या तासाने सांगितलं. सेटिंग मी बदललं, काकांना कल्पना नव्हती, चूक माझी आहे. त्यांनी शांतपणे ऐकलं. "बरं झालं तुम्ही बदललं," ते म्हणाले. "न्हाई तर मला कळलंच नसतं."

तिसऱ्या दिवशी काकांच्या खोलीवर गेलो. त्यांनी मला आवाजावरून ओळखलं. मी काय केलं ते सगळं क्रमाने सांगितलं.

"म्हणजे मी काहीच दाबलं नसतं, तर?"

"तर जुनीच सुरू झाली असती."

त्यांनी बोटं चोळली. "मला वाटलं हात चुकला. दोन दिवस तेच डोक्यात. डोळे गेले ते गेले, आता हातही गेला म्हणून." मग आत बायकोला म्हणाले, "ऐकलं का, हात न्हाई चुकला." आणि मला, "साहेबांना सांगितलं का तुम्ही?"

"सांगितलं."

"मंग? काय म्हणाले?"

"ऐकून घेतलं," मी म्हणालो.

"ऐकून घेतलं ना, मंग बोलावतील."

त्यांनी चहा सांगितला. मी चहा घेतला आणि मालकांचं वाक्य न सांगता निघालो. काकांनी त्यानंतरचे पंधरा दिवस निरोपाची वाट पाहिली. रोज सकाळी तयार होऊन दारात बसतात, असं बाई सांगायच्या. सोळाव्या दिवशी नवा ऑपरेटर कामावर आला.