फळ्यांच्या गेमचा दुसरा भाग

आमच्या पेणच्या घरात भिंतीवरचं कॅलेंडर उलटं केलं, की मागच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलीने आखलेले दोन रकाने दिसत. एक बायकोचा, एक माझा. तिच्या रकान्यात ६१४, माझ्या रकान्यात ५३८. एका व्हिडिओ गेममध्ये आम्ही दोघांनी एकमेकांना किती वेळा हरवलं, त्याचे ते आकडे. मी नोंद कधी चुकवत नसे. तरीही ती तिथेच थांबली.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मुलगी शिकायला पनवेलला राहायला गेली आणि तिच्या मामाने तिला दिलेला, टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम घरात उरला. दोन रिमोट आणि वरच्या खाचेत बसवायच्या दोन कॅसेट. एक गाड्यांच्या शर्यतीची, ती आम्हाला कधी जमली नाही. दुसरीचं नाव इंग्रजीत काहीतरी लांबलचक होतं. आम्ही तिला फळ्यांचा गेम म्हणायचो. हवेत तरंगणाऱ्या फळ्या, त्यांवर दोघे उभे. लाथा मारायच्या, धक्के द्यायचे, एका फळीवरून दुसरीवर उड्या मारायच्या आणि समोरच्याला खाली पाडायचं. पडला की एक जीव गेला. असे पाच जीव. ती नेहमी वेणीवाली बाई घ्यायची आणि मी एक जाडा गडी.

चाळिशी उलटलेल्या नवरा-बायकोने हे खेळावं याचं शेजारी हसू करत. करोत. मी रोह्याला एका कंपनीत वजनकाट्यावर होतो. पहिल्या शिफ्टला पहाटेची एसटी धरायची आणि साडेचारला परत यायचं. बायको गणपतीच्या कारखान्यात आखणी करायची. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवणं. भुवईची रेघ आणि बुबुळाचा ठिपका एका दमात काढायचा असतो. हात हलला तर सगळा चेहरा बिघडतो. दिवसाला ती वीस-बावीस मूर्तींचे डोळे करी आणि तेवढा वेळ जवळजवळ श्वास धरून बसे. घरी आली की चहा घ्यायची, हात धुवायची आणि म्हणायची, "लावा आता."

आणि मग फळीवरून धडाधड पडायची. पडली की तोंडावर पदर धरून हसायची. "गेले गो बाई, परत गेले!" मी म्हणायचो, "अगो, जरा बघून उडी मार." त्यावर तिचं ठरलेलं उत्तर होतं, "दिवसभर बघूनच करते. हितं तरी पडू दे." एवढी पडूनही शेवटी तीच जिंकायची, कारण ती घाबरत नसे आणि मी प्रत्येक उडी मोजून मारत असे. कॅसेटच्या लेबलचा कोपरा फाटला, तेव्हा तिने त्यावर कागद चिकटवला आणि कारखान्यातल्या उरलेल्या रंगाने एक छोटासा डोळा काढला. म्हणाली, "आता हीच बघत बसेल कोण किती पडतं ते."

एसटी स्टँडजवळ आमच्याच आळीतल्या एकाचं दुकान होतं. रेडिओ-टीव्ही दुरुस्ती, घड्याळं आणि काचेच्या कपाटात गेमच्या कॅसेट. दुकानदार माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान. त्याच्या घरच्या गणपतीचे डोळे अकरा वर्षं माझ्या बायकोने केलेले. श्रावणातल्या एका संध्याकाळी त्याने मला हाक मारली.

"भाऊ, तुमच्या फळ्यांचा दुसरा भाग येतोय. गणपती झाले की लगेच."

"दोघांना खेळता येतो का?" माझा पहिला प्रश्न हाच होता.

"अवो, म्हणजे काय! जुन्यात हाय ते सगळं हाय. वर दोन माणसं जास्त."

"तू बघितलास?"

"मुंबईला जाऊन सोता खेळून आलो ना. वहिनी तर खूश होतील. पण पाचच पीस येणार हायत. नंबर पायजे तर जुनी कॅसेट माझ्याकडे ठेवून जा. लोक नुसतं नाव देतात आणि मग फिरकत नायत. आपण पाट ठेवतो ना कारखान्यात, तसं समजा."

पाटाचं इथे सांगायला हवं. आमच्याकडे घरचा गणपती घरच्याच पाटावर बसतो. काही महिने आधी पाट कारखान्यात नेऊन द्यायचा, मागे नावाची चिठ्ठी चिकटवायची आणि "मागच्यासारखीच करा" एवढं सांगून निघायचं. पावती नसते. मूर्ती झाली का, कशी झाली, हे बघायला कोणी मध्ये जात नाही. चतुर्थीला मूर्ती त्याच पाटावर बसून घरी येते. शेकडो पाट एका खोलीत रचलेले असतात, पण कोणाचा पाट गेला असं मी पेणमध्ये कधी ऐकलं नाही.

काट्यावर माझा नियम होता. ट्रक आधी रिकामा तोलायचा आणि मग भरलेला. ड्रायव्हर रोजचा असो, मित्र असो, दोन्ही वजनं घेतल्याशिवाय सही नाही. त्यावरून माझी चेष्टाही होई. पण पाट हा शब्द कानावर पडला आणि मी दुसऱ्या दिवशी डोळा काढलेली ती कॅसेट नेऊन त्याच्या हातात दिली. त्याने मागे माझ्या नावाची चिठ्ठी लावली. अगदी पाटाला लावतात तशी.

बायकोला सांगितलं नाही. श्रावणात तिचं काम अंगावर आलेलं असे. जेवायला यायची तेवढीच. खेळणं तेव्हा बंदच होतं. मग गणपती आले, मुलगी आली, पाहुणे आले. टीव्हीखालच्या खणात कॅसेट नाही हे तिला कळलं नाही आणि कळू नये अशीच माझी इच्छा होती. तिचे हात मोकळे झाले की नवी कॅसेट समोर ठेवायची, असं मी ठरवलं होतं.

विसर्जन होऊन तिसऱ्या दिवशी माल आला. त्याच दिवशी मी घेतला. किंमत लिहीत नाही. ती या गोष्टीत मुद्द्याची नाही. दुकानात गर्दी होती. मी विचारलं, "आणि माझी जुनी?"

"ती आत घरात हाय, भाऊ. उद्या देतो."

नवी कॅसेट मी रुमालात गुंडाळून घरी नेली. बायकोने रुमाल बाजूला केला आणि खोक्यावरची वेणीवाली बघितली. "अरे वा, हिने पातळ बदललं की!" तिने लगेच हात धुतले.

खोटं लिहिणार नाही. दुसरा भाग दिसायला चांगला होता. चार माणसांची सहा झाली होती, आठ मैदानांची बारा झाली होती. फळ्या आता नुसत्या तरंगत नव्हत्या, सरकत होत्या. पाण्याचा आवाज खऱ्यासारखा येई. तिने रिमोटचं बटण दाबलं, वेणीवाली पडद्यावर आली आणि समोर एक निळा राक्षस उभा राहिला.

"तुमचा जाड्या कुठाय?"

मी माझं बटण दाबलं. काही नाही. मला वाटलं रिमोट गेला. मी दोन्ही रिमोटच्या वायरी बदलून लावल्या. मग गाड्यांची कॅसेट घातली, तिच्यात दोन्ही रिमोट चालत होते. परत नवी घातली. तीन वेळा केलं. मग पहिल्या पानावरची इंग्रजी अक्षरं एकेक करून वाचली. जुन्या कॅसेटमध्ये तिथे दोन ओळी होत्या, एकजण आणि दोघेजण. इथे एकच होती.

राक्षसाला मशीनच चालवत होतं. त्याने वेणीवालीला सात सेकंदांत पाडलं. पुन्हा पाडलं. बायको हसली नाही. मशीनला हसून काय करणार? चौथ्या वेळी तिने रिमोट खाली ठेवला.

"हे नको. आपली जुनी लावा."

"ती उद्या येईल," मी म्हणालो.

"येईल म्हणजे? गेली कुठं?"

मी सांगितलं. तिने टीव्ही बंद केला.

दुसऱ्या दिवशी मी एसटीतून उतरलो तो सरळ दुकानात गेलो. गर्दी नव्हती. म्हटलं, "हा गेम दोघांचा नाही."

"नाय?" तो काचेचं कपाट पुसत होता. "कंपनीने बदललं असेल, भाऊ. आपल्या हातात काय हाय?"

"तू खेळून आलो म्हणालास."

तो पुसतच राहिला.

"बरं, माझी जुनी दे."

"जुनी रोह्याला गेली, भाऊ. बाजारात एकजण ताशी भाड्याने गेम खेळवतो, त्याला दिली."

"कधी?"

"तुम्ही दिलीत त्याच आठवड्यात. तो मागेच लागला होता. नवीन त्याला नकोच होती."

"का नको होती?"

"नव्यात दोघांना खेळता येत नाय ना," तो म्हणाला. म्हणून झाल्यावर त्याला कळलं आपण काय बोललो ते. त्याचा हात थांबला.

म्हणजे माझी कॅसेट घेतली तेव्हाही त्याला माहीत होतं आणि नवी विकली तेव्हाही. रोह्याच्या माणसाला त्याने खरं सांगितलं होतं. मला नाही.

"तू पाट म्हणाला होतास," मी म्हणालो.

"अवो, ते बोलायला हो, भाऊ! एका कॅसेटसाठी एवढं? पैसे परत घ्या ना तुमचे."

मी नवी कॅसेट परत केली आणि पैसे घेतले. मोजले, बरोबर होते. तेवढ्यापुरता तो सरळ वागला, हेही लिहायला हवं.

घरी येऊन मी बायकोला सगळं शब्दशः सांगितलं. मला वाटलं ती त्याला दोन शिव्या देईल. ती तांदूळ निवडत होती.

"त्याने तुम्हाला फसवलं," ती म्हणाली. "पण कॅसेट माझी पण व्हती ना? मला इचारलंत?"

"तुला नवीन द्यायचं होतं."

"नवीन कोण मागत होतं?"

त्याने माझ्याशी केलं तेच मी तिच्याशी केलं होतं. तो चांगलं येणार आहे असं सांगून माझी वस्तू घेऊन गेला. मी तर तिला न सांगताच नेली.

कंपनीच्या कँटीनमध्ये एकाने विचारलं, भाचीसाठी तो दुसरा भाग घेऊ का, पेणला आलाय म्हणतात. मी म्हटलं, आल्या दिवशी घेऊ नकोस. कोणाच्या तरी घरी दोन संध्याकाळ खेळून बघ. खोक्यावर नवीन काय आहे ते लिहितात, काय काढलं ते लिहीत नाहीत. आणि नवीन चालते हे स्वतः बघेपर्यंत जुनी हातातून सोडू नकोस. त्याने माझं ऐकलं की नाही, माहीत नाही. असला सल्ला देण्याचा अधिकार मला होता का, हाही प्रश्नच होता.

रोह्याचं ते दुकान मी शोधून काढलं. बाजारातली एक लहान खोली, दोन टीव्ही, चार बाकडी. खाचेत खोचलेल्या कॅसेटवर छोटा डोळा लगेच दिसला. दुकानदार भला माणूस होता. मी विकत मागितली तर हात जोडून म्हणाला, "नाय हो काका. सगळे डोळेवालीच मागतात. ती दिली तर मी खेळवू काय? तुम्ही कधीपण येऊन खेळा."

मी पुढच्या आठवड्यातही विचारलं, त्याच्या पुढच्याही. नाहीच म्हणाला. शेवटी एका रविवारी बायकोला म्हटलं, "चल, रोह्याला जाऊ. निदान खेळून येऊ."

"आपलीच वस्तू भाड्याने?"

"एकदाच."

ती आली. नागोठणं गेलं, भिसे खिंड गेली, ती खिडकीबाहेर बघत होती. दुकानात कंपनीतले पाच-सहाजण शिफ्ट सुटल्यावर येऊन बसले होते. त्यांनी उठून आम्हाला बाकडं दिलं. एकजण म्हणाला, "काका, काकूंना जपून मारा हं!" सगळे हसले. तीही थोडं हसली. मग तिने लेबलवरच्या डोळ्यावरून अंगठा फिरवला आणि रिमोट घेतला.

आम्ही चार डाव खेळलो. चारही ती जिंकली. चार डावांत ती एकदाही फळीवरून पडली नाही. प्रत्येक उडी मोजून, पाय रोवून. पाठ ताठ, ओठ मिटलेले, डोळे पडद्यावर. मी तिच्याकडे बघितलं तेव्हा लक्षात आलं, ती श्वास धरून बसली होती. कारखान्यात बसते तशी.

मागची मंडळी म्हणत होती, "काकू एक नंबर! काका, तुमचं काय खरं नाय!"

परतीच्या एसटीत तिला खिडकी मिळाली. वाकणच्या पुलावर मी म्हणालो, "सहाशे अठरा झाले तुझे."

"ते लिहू नका," ती म्हणाली.

मी नियमाचा माणूस आहे. चार डाव झाले म्हणजे झाले, नोंद व्हायला हवी होती. घरी गेल्यावर मी कॅलेंडर उलटं केलं, पेन्सिल घेतली आणि खाली ठेवली. मग ते परत सरळ टांगलं. तिच्या रकान्यात ६१४ च राहिले.