बसल्या जागी ताट

देवबागात जानकीच्या घरी जेवून गेलेली माणसं कोल्हापूर, सांगली, पुण्यात शेकड्यांनी सापडतील. तिच्या हातच्या तिसऱ्यांच्या कालवणाची नुसती आठवण काढली तरी त्यांच्या तोंडाला पाणी सुटतं. पण त्यांतल्या एकालाही विचारा, बाबा रे, ही बाई स्वतः कधी जेवते? उत्तर यायचं नाही. कारण ती जेवताना कुणाला दिसलेलीच नाही.

ती जेवायची दुपारी तीनला. पाहुणे चार खोल्यांत आडवे झाले, बाहेरचं लांब टेबल पुसून झालं, की स्वयंपाकघरात ओट्याला टेकून, उभ्यानं. ताट घेतलं तर घासायला आणखी एक ताट वाढतं, म्हणून टोपावरच्या झाकणातच भात घ्यायचा. भाकरी तोवर वातड झालेली, आमटीवर साय धरलेली. घरात पर्यटक ठेवायला लागून एकवीस वर्षं झाली. त्याआधी तेरा वर्षं सासरच्या मोठ्या खटल्यात ती शेवटच्या पंगतीच्याही शेवटी जेवली. ह्याबद्दल तिची तक्रार काहीच नव्हती. खरं सांगायचं तर तक्रार करावी असं काही ह्यात आहे, हे तिच्याच काय, घरातल्या कुणाच्याच डोक्यात कधी आलं नव्हतं.

मग मुलीचा फोन आला. अनुजा टोरांटोला नोकरी करते. ती म्हणाली, "आई, ह्या खेपेक तुमी दोघाय माझ्याकडे येवा. आणि हंयसून आठ दिवस आपण जमैकाक जावया. समुद्राकाठी रिसॉर्ट. तेका ऑल-इन्क्लुझिव्ह म्हणतत. ऱ्हवणा, खाणा, पिणा, सगळा त्यात इला."

"म्हणजे आमच्यासारख्याच!" जानकी म्हणाली.

नवरा शेजारीच जाळीच्या खुर्चीत बसला होता. लवू त्याचं नाव. पर्यटकांना डॉल्फिन दाखवायला होडी घेऊन जातो आणि डॉल्फिन दिसले नाहीत तर त्यांच्या गोष्टी सांगतो. तो हसत सुटला. "दर्याच्या दारात ऱ्हवणारी माणसा दर्यो बघूक इमानान जातली? लोक तोंडात शेण घालतीत!"

अनुजालाही वाटलं होतं, आई नाहीच म्हणणार. पण बोलता बोलता ती एक वाक्य बोलून गेली. "आई, थंय तुका कशाक म्हणान हात लावूचो नाय. बसल्या जाग्यार ताट येताला."

जानकी म्हणाली, "जावया."

लवू खुर्चीतून पडायचाच बाकी राहिला. जी बाई सख्ख्या भाच्याच्या लग्नाला कणकवलीला जायचं तर सकाळी जाऊन संध्याकाळी परत येते, ती सातासमुद्रापार निघाली! पण जानकीला जमैकाशी काही घेणंदेणं नव्हतं. तिच्या कानात ते एकच वाक्य बसलं होतं. आपण बसलोय, आणि कुणीतरी गरम ताट आणून समोर ठेवतंय. एवढंच तिला हवं होतं, आणि एवढंच कुणाला सांगायची तिला लाज वाटत होती. छप्पन्न वर्षांच्या बाईनं असा हट्ट धरायचा म्हणजे काय!

पहिली अडचण आली तारखेची. जानकी म्हणाली ऑगस्टात जाऊ, तेव्हा आपला धंदा बंद असतो. अनुजा म्हणाली, तेव्हा तिथं वादळं असतात. शेवटी जूनचा पहिला आठवडा ठरला. मेअखेरीस इथल्या होड्या वर ओढल्या, शेवटचा पाहुणा गेला, की निघायचं.

मग सुरू झाली रिसॉर्टची निवड. अनुजा व्हिडिओ पाठवी आणि जानकी चष्मा लावून एकेकाची झडती घेई. नावं जिभेवर बसेनात, म्हणून तिनंच बारसं केलं. एक टाकीवालं, एक जिन्यांचं, एक छत्र्यांचं. "दर्यो समोर आसताना ही निळी टाकी कित्याक बांधली?" पोहण्याच्या तलावाबद्दल तिचा पहिला सवाल. "चारशे खोल्यो? आणि चादरी वाळत खंय घालतत, ता दाखवूक सांग." मनगटाला पट्टा बांधतात आणि तो दाखवला की हवं ते मिळतं, हे ऐकल्यावर लवूनं विचारलं, "म्हशीक दावा बांधतत तसो?"

इथवर सगळं हसतखेळत चाललं होतं. गाडी अडली ती जेवणावर. प्रत्येक व्हिडिओत शेवटी एक भलंमोठं दालन यायचं, मांडलेली भांडी, आणि हातात बशी घेऊन रांगेत उभी असलेली माणसं.

"ह्या काय?"

"बुफे, आई. शंभर प्रकार असतत. आपल्याक काय व्हया ता घेवचा."

"म्हणजे उठान घेवचा लागता मां?"

"होय. कितीय वेळा घे!"

"मग नको ह्या," जानकी म्हणाली आणि पुढचं दाखव म्हणून खूण केली. पुढच्यातही बुफे. त्याच्या पुढच्यातही. आठ रिसॉर्टं तिनं अशी निकालात काढली. अनुजाला वाटलं, आईचे गुडघे दुखतात. लवूला वाटलं, हिला विमानाची भीती वाटतेय आणि ही निमित्तं काढतेय. रात्रंदिवस दुसऱ्यांना वाढणाऱ्या बाईला तिथंही उभं राहूनच जेवण घ्यायचं नाहीये, हे एवढं साधं कुणाच्या टाळक्यात शिरेना. आणि ती तरी कुठं सांगत होती!

शेवटी अनुजा वैतागली. तिची सुट्टी मंजूर व्हायची होती. "आई, रविवारपर्यंत सांग. नायतर मी रद्द करतंय."

"ऱ्हवांदे मग," जानकी म्हणाली. "हंय काय वाईट आसा?" आणि फोन ठेवून ती बांगडे साफ करायला बसली. त्या दिवशी बांगड्यांचे कल्ले जरा जास्तच जोरात ओढले गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी लवूच्या होडीचं मशीन बंद पडलं, म्हणून तो अवेळी घरी आला. पाणी प्यायला स्वयंपाकघरात शिरला. जानकी ओट्याला टेकून उभी, हातात टोपाचं झाकण, झाकणात थंड भात. चौतीस वर्षं त्यानं हे पाहिलं होतं, पण घरातला खांब पाहतो तसं. आज काय झालं कुणास ठाऊक, तो दारातच थबकला. कदाचित कालचं तिचं "ऱ्हवांदे मग" त्याच्या कानात राहिलं असेल.

"गो, तुका नेमक्या काय व्हया?" त्यानं विचारलं. आवाज नेहमीसारखा चेष्टेचा नव्हता.

जानकी झाकणाकडेच बघत राहिली. मग एकदम म्हणाली, "माका एकदा कोणीतरी वाढूक व्हया. मी बसान. गरम." आणि लगेच डोळे पुसून, "जावांदे ता. तुमका च्याय ठेवतंय."

लवू चहासाठी थांबला नाही. पाणीसुद्धा प्यायचं राहिलं. माडाखाली जाऊन त्यानं स्वतः मुलीला फोन लावला. आजवर मुलीनं लावलेला फोन त्याच्या हातात दिला जायचा, एवढंच त्याला माहीत. काय बोलला ते जानकीला ऐकू आलं नाही. तिकडे अनुजानं मात्र रिसॉर्टांची यादी पुन्हा पहिल्यापासून उघडली.

शनिवारी नवा व्हिडिओ आला. लहानसं जुनं रिसॉर्ट, अवघ्या तीस खोल्या. टाकी नाही, जिने नाहीत. वाळूवर लाकडी टेबलं, आणि एक पोक्त सावळी बाई, डोक्याला फडकं बांधलेली, दोन्ही हातांवर ताटं तोलत टेबलाशी येतेय. जानकीनं व्हिडिओ तिथंच थांबवला. चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"ह्याच," ती म्हणाली. थोड्या वेळानं पुटपुटली, "हिचेय पाय दुखत असतले."

त्या दिवसापासून तयारीला ऊत आला. पासपोर्ट, व्हिसा, मुंबईच्या खेपा, सगळं अनुजाच्या सांगण्याबरहुकूम पार पडलं. तिनं पाठवलेला पोहण्याचा ड्रेस जानकीनं उलटासुलटा करून पाहिला आणि ट्रंकेच्या तळाशी ठेवून दिला. सुका बांगडा, लोणचं आणायचं नाही, अशी ताकीद आली, तेव्हा मात्र ती रुसली. "त्या बाईकडे जेवूक जावचा ता रिकाम्या हातान?" शेवटी मालवणी खाज्याच्या एका पुड्यावर तडजोड झाली. गूळ आणि आल्याचा खमंग खाऊ, तो तरी कुणाच्या नाकात जाणार नाही. पुड्याला तिनं स्वतःच्या हातानं कागद गुंडाळला.

निघायच्या आदल्या दिवशी सकाळी वाडीतल्या देवासमोर नारळ ठेवला. लांबच्या वाटेला निघताना गाऱ्हाणं घालायचं, ही इथली रीतच. गाऱ्हाणं घालायला बाबली उभे राहिले. वाडीतले सगळ्यांत वडील, आणि जीभ दुधारी. पन्नासेक माणसं जमली होती.

"बा देवा म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" सगळे म्हणाले.

"तुझी ही लेकरा दर्यो ओलांडून परमुलखाक चल्ली असत. तेंची वाट राख रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"इमान वेळेर सुटांदे, आणि लवूच्या खिशातलो पासपोर्ट खिशातच ऱ्हवांदे रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" हशा पिकला. बाबली नारळ उचलायला वाकले, एवढ्यात लवूनं हात वर केला.

"एक ऱ्हवला." त्यानं हात जोडले आणि देवाकडे बघत, चाचरत बोलला, "म्हाराजा, हिना साऱ्या मुलखाक बसान जेवूक घातल्यान. हिका कोणी वाढूक नाय. मीय नाय. थंय तरी हिका बसल्या जाग्यार गरम ताट गावांदे रे म्हाराजा."

जानकीला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. मनातलं इतकं जपलेलं ह्या माणसानं चव्हाट्यावर मांडलं! मग मागच्या बाजूनं, जिथं बायका उभ्या होत्या, तिथून आवाज उठला, "होय म्हाराजा!" त्यातल्या कितीजणी स्वतः उभ्यानं जेवत होत्या, ते देवालाच ठाऊक.

बाबलींनी तेवढ्यात संधी साधली. "आणि परत इल्यार ह्या लवूक वाढूची बुद्धी गावांदे रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" ह्या वेळी बायकांनी असा आवाज लावला की देवळामागच्या पिंपळावरचे कावळे उडाले. जानकी पदर तोंडाला लावून हसली, रडली, काय ते तिलाच कळलं नाही.

दोघं घरी आली. खोल्या रिकाम्या, बाहेरचं लांब टेबल मोकळं. लवूनं एक खुर्ची ओढली. "बस."

"कित्याक?"

"परत येयसर थांबूचा कित्याक? बस म्हणतंय मां!"

ती बसली. एकवीस वर्षांत पहिल्यांदाच त्या टेबलाशी बसली. आतून भांडी पडल्याचा आवाज आला, ती अर्धी उठली, पुन्हा बसली. तेलाचा चर्र आवाज आला, तेव्हा परत उठली. "बस!" आतून ओरडा. तरुणपणी होडीवर मासे तळलेला हात होता तो, अगदीच काही वाया गेलेला नव्हता. अखेर लवू आला, घामानं निथळत. ताटात भाताचा डोंगर, आमटी वाहत वाहत ताटाच्या काठाला लागलेली, आणि एक तळलेला बांगडा, वाफाळता. ताट त्यानं तिच्यासमोर ठेवलं आणि पाहुण्यांसमोर ती उभी राहते तसा उभा राहिला.

जानकीनं घास घेतला. जिभेला चटका बसला. किती वर्षांनी बसला! डोळ्यांत पाणी आलं ते चटक्याचं नव्हतं, आणि तिनं ते पुसलंही नाही.

"कसो झालो?"

"बरो झालो. मीठ नाय तेका."

"हाडतंय. तू उठा नको." लवू मीठ आणायला आत गेला. फळीवरचे डबे उघडल्या-मिटल्याचे आवाज आले. मग हाक आली, "गो, मीठ खंय आसा?"

चौतीस वर्षांच्या सवयीनं जानकीचे हात खुर्चीच्या दांड्यावर गेले. मग तिनं ते परत ताटाशी आणले, पाय वर घेऊन ऐसपैस मांडी घातली आणि बसल्या जागेवरून आवाज दिला.

"खालच्या फळयेर, निळ्या झाकणाचो डबो. आणि येताना आणखी एक बांगडो हाडा. गरम."