बंडूच्या रानात

कुकर लावून मी पिंजऱ्याचा ट्रे धुवायला घेतला होता. सकाळचं सगळं नेहमीसारखं: दूध तापायला ठेवलेलं, बंडूची वाटी भरायची राहिलेली. तेवढ्यात मागून ह्यांचा आवाज आला, "चहा झाला का गं?"

ह्यांना जाऊन तेव्हा आठ महिने झाले होते. विचारणारा होता बंडू, ह्यांनी रीतसर कागद करून आणलेला आफ्रिकेतला करडा पोपट. आवाज हुबेहूब ह्यांचा, दाढी करताना मोरीतून यायचा तसा. मी कधीच उत्तर दिलं नाही. मान खाली घालून ट्रे घासत राहायचे.

मुलगी अंधेरीहून यायची आणि म्हणायची, "आई, तो आवाज ऐकत बसतेस दिवसभर. दे ना त्याला कुणाला तरी." पवईच्या एका गृहस्थांकडे मोठ्या जाळीत असेच सहा पोपट आहेत. ते बंडूला घ्यायला तयार होते. मी म्हटलं, जाऊन आले की सांगते.

जायचं होतं काँगो प्रजासत्ताकात. शेजारचा प्रचंड काँगो नव्हे, त्याच्या पश्चिमेचा छोटा देश. बंडूची जात रानात कशी राहते ते निवृत्तीनंतर बघू, असं हे म्हणायचे. मुलुंडच्या आमच्या मजल्यावर कुणी त्या देशाचं नाव ऐकलं नव्हतं.

"लोक सिंगापूरला जातात, तू कुठे निघालीस?" शेजारची सुषमा म्हणाली. "तिकडे चहा तरी मिळतो का गं?"

"पावडर घेऊन चाललेय."

"बरं. बंडूला ठेव माझ्याकडे. पण तो बोलला तर मी दचकणार हं, आधीच सांगते."

जाणाऱ्यांसाठी थोडं कामाचं. पिवळ्या तापाची लस निदान दहा दिवस आधी घ्यावी, तिचं कार्ड विमानतळावरच बघतात. अदिस अबाबाला विमान बदलून ब्राझाव्हिल. फ्रेंच येत नसेल तर वाटाड्या आधी ठरवावा. युरोच्या नोटा जवळ ठेवाव्यात, कार्ड फार कुठे चालत नाही. ही सहल स्वस्त नाही. ह्यांच्या ग्रॅच्युइटीतला मोठा भाग तिच्यात गेला.

तिथून उत्तरेकडच्या ओडझाला अभयारण्यापर्यंत गाडीने दोन दिवस लागले. पहिल्या दिवशी डांबरी रस्ता, दुसऱ्या दिवशी लाल माती. जेवायला पानात गुंडाळून उकडलेला कसावा, म्हणजे ज्याचा साबुदाणा करतात तो कंद, त्याच्याच पाल्याची अळूच्या फतफत्यासारखी भाजी आणि धुरावलेला मासा. मला मासा आवडला. शाकाहारींनी मेतकूट आणि पोहे न्यावेत. दमट हवेत अंगावर सतत बारीक माश्या बसतात. चावत नाहीत, पण घाम प्यायला डोळ्यांत शिरतात. सारखे डोळे पुसायला मला तिथे निमित्त झालं.

ओडझालाच्या जंगलात मधेच उघडी, चिखलाची मैदानं आहेत. मातीत खार असतो म्हणून जनावरं तिथे येतात. पहाटे आमचा वाटाड्या ज्युस्तँ मला लाकडी माचावर घेऊन गेला. धुक्यात दोन हत्ती सोंडा चिखलात खुपसून उभे होते. आपल्या हत्तींपेक्षा लहान, सरळ सुळ्यांचे. मग वरून शिट्ट्या सुरू झाल्या, आणि एकामागून एक थवे उतरले. करडे, लाल शेपटीचे. शेकडो बंडू. मी कानांत प्राण आणून ऐकत होते. त्यांतला एकही ओळखीचं काही बोलला नाही. काय अपेक्षा होती माझी, कोण जाणे.

"पूर्वी खूप जास्त होते," ज्युस्तँ म्हणाला. तो त्याच्या मोडक्या आणि मी माझ्या मोडक्या इंग्रजीत बोलत होतो. "माझा मामा पकडायचा."

"एवढे उंच उडणारे? कसे?"

"एक पकडलेला पोपट झाडावर बांधायचा. भोवतीच्या फांद्यांना डिंक लावायचा. तो एकटा ओरडला की बाकीचे येतात."

"कळत नाही त्यांना?"

"कळत असेल. पण आपल्यातला हाक मारतोय म्हटल्यावर उत्तर द्यायला येतातच."

पुढचे दोन दिवस गोरिला दिसले, रानम्हशी दिसल्या. फोटो आहेत. पण माझ्या डोक्यात तो बांधलेला पोपटच राहिला. घरी रोज सकाळी कुणीतरी हाक मारत होतं आणि मी ट्रे घासत होते.

परत आले तेव्हा सुषमा पिंजरा घेऊन दारात उभी. "रोज विचारायचा गं चहाचं. शेवटी म्हटलं, बाबा रे, तुझं माणूस आफ्रिकेला गेलंय, मीच देते."

"मग?"

"मग काय, गप्प बसायचा. शहाण्यासारखा."

बुटांना अजून लाल माती आहे. मी ती धुतलेली नाही. ह्यांचा आवाज दुसरीकडे कुठे नाही माझ्याकडे. फोनमध्येही नाही, व्हिडिओ काढताना हे कधी बोलायचे नाहीत. पण बंडूच्या हाकेला उत्तर देणारे त्याच्यातले सहाजण पवईला आहेत. रात्री मी तिथल्या गृहस्थांना फोन केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बंडूने विचारलं, "चहा झाला का गं?"

"झाला. या," मी म्हणाले. चहा पिऊन झाल्यावर पिंजऱ्यावर चादर टाकली, रिक्षा केली आणि त्याला पवईला सोडून आले.