भेगेवरची काच

साताऱ्याहून निघताना सगळ्यांनी बजावलं, मुंबईत संयुक्त महाराष्ट्रासाठी मोर्चे चालू आहेत, जाऊ नकोस. म्हणूनच मी गेले.

डिलाईल रोडच्या चाळीत माझा आतेभाऊ दत्ता राहतो. तो पुलांची देखभाल करणाऱ्या खात्यात ओव्हरसियर आहे. त्याच्या बायकोने, लक्ष्मीने, बांगड्याचं तिखलं (दाटसर, झणझणीत कालवण) वाढलं. घाटावरच्या माझ्या घशात काटा रुतला आणि शेजारणींनी मला भाताचे गोळे गिळायला लावले.

दुसऱ्या दिवशी दत्ताने मला रे रोडच्या बाजूला नेलं. वखारींतून सागाचा वास येत होता. तिथल्या एका जुन्या दगडी पुलाच्या कमानीला भेग होती आणि भेगेवर आडवी, सिमेंटने बसवलेली काचेची पट्टी. पट्टी तडकली होती.

"भेग हलली की काच तडकते, आक्का. ही तिसरी."

"मग पूल बंद का नाही?"

"साहेब म्हणतो, उन्हाने तडकली. लाकडाचे ट्रक अडले तर त्याच्यावरच येईल ना. मला म्हणाला, तोंड उघडू नकोस."

कमानीखाली हमाल जेवून आडवे झाले होते. त्यांना बघून माझं डोकंच फिरलं.

संध्याकाळी लालबागहून निघालेल्या मोर्चात आम्ही तिघंही होतो. मोर्चा त्याच पुलावरून जाणार होता. पूल दिसताच दत्ता धावत पुढे गेला आणि वाट अडवून उभा राहिला. "थांबा. पूल धोक्याचा आहे. मी त्याच खात्यात आहे."

"सरकारचा माणूस दिसतोय. मोर्चा अडवायला पाठवलाय," कुणीतरी म्हणालं. लोक पुढे सरकू लागले.

तेव्हा लक्ष्मीचा आवाज चढला. "मुंबई आमची म्हणतंव, मगे ह्यो पूल काय परक्याचो? बसा हयच."

लोक बसले. भर रस्त्यात, पुलाच्या तोंडाशी. मागे ट्रक खोळंबले. कमानीखाली पथाऱ्या टाकलेल्या हमालांना आम्ही उठवून बाहेर काढलं. साहेब आला, तावातावाने दत्ताला म्हणाला, "उद्यापासून कामावर येऊ नकोस."

"येणार. नवी काच लावायची आहे," दत्ता म्हणाला.

कुणी हलेना. शेवटी पोलिसांनीच पुलाच्या दोन्ही तोंडांना पिंपं आडवी लावली आणि मगच मोर्चा दुसऱ्या वाटेने निघाला. एवढा अभिमान मला आजवर कशाचा वाटला नव्हता.

साताऱ्याला घरी परतले आणि आमच्या ओढ्यावरच्या पुलाखाली पहिल्यांदाच वाकून पाहिलं. तिथेही भेग होती. जे आपलं म्हणून मागायचं ते सांभाळायचंही आपणच, हे मी मुंबईत शिकले. तडक बांधकाम खात्याच्या कचेरीत गेले. इंजिनिअर हसले. "बाई, पूल भक्कम आहे."

"मग काच लावायला भीती कसली?" असं म्हणून मी पिशवीतून काचेची पट्टी काढून त्यांच्या टेबलावर ठेवली.